मार्ताबाईंना चौथं माणूस हवं होतं

मार्ताबाईंना इंग्रजी येत नाही ही बातमी कॉलनीत पसरली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. त्याआधीचे आठ-दहा दिवस फार वाईट गेले होते. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या कारखान्याच्या अधिकाऱ्यांची छोटीशी कॉलनी होती आणि तिच्या टोकाला एक गेस्ट हाऊस. चेकोस्लोव्हाकियाहून नवी मशिनं येणार होती. ती बसवायला तिकडचा एक इंजिनियर दोन वर्षांसाठी बायको-मुलीला घेऊन येणार होता आणि त्याच गेस्ट हाऊसमध्ये, नेमका आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर राहणार होता. आमचे हे रोज कारखान्यातून आले की मला बजावायचे, "अगं, चार वाक्यं तरी पाठ कर. ती बाई उद्या साखर मागायला आली तर काय खुणा करणार आहेस?" वरच्या मजल्यावरच्या लिमयेकाकू भाच्याचं जुनं इंग्रजीचं पुस्तक काढून बसल्या होत्या आणि दुपारी जिन्यात त्यांचा पाठांतराचा आवाज यायचा.

शहाऐंशी सालच्या श्रावणात ती मंडळी आली. नवरा पावेल, उंच, थोडा वाकलेला, सतत खिशातून पेन्सिल काढून कशाचं तरी चित्र काढून दाखवणारा. सहा वर्षांची मुलगी हाना. आणि मार्ताबाई. लाल हात, आखूड केस, चालणं असं की जणू मागून कोणी हाकतंय. लिमयेकाकूंनी पुढे होऊन पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मार्ताबाईंनी ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी उत्तर दिलं. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इंग्रजी पावेललाच थोडंफार येत होतं. मार्ताबाईंना आमच्याइतकंही येत नव्हतं. मी घरी येऊन निवांत चहा केला.

मग ती बोलणार कोणाशी? तर जनाबाईशी. जनाबाई जवळच्या खरवई गावची, गेस्ट हाऊसचं झाडूपोछा आणि भांडी करायला यायची. तिला जगातली दुसरी कोणतीही भाषा आपल्याला येत नाही याची मुळीच खंत नव्हती. ती सकाळी आली की सुरू व्हायची ती जाईपर्यंत, आणि समोरच्या माणसाला कळतंय की नाही हे तिने कधी तपासलं नाही. त्यामुळे मार्ताबाई मराठी शिकल्या ती जनाबाईची. दिवाळी येईपर्यंत ही गोरीपान बाई मला खिडकीतून हाक मारायची, "काय गो वैनी, जेवलीस का?" माशांना म्हावरं म्हणायची. हाना तर तिच्याही पुढे गेली. लिमयेकाकू पुण्याच्या. त्यांनी मार्ताबाईंचं मराठी सुधारायचा विडा उचलला आणि महिन्याभरात सोडून दिला. "त्या जनीने पायाच तसा घातलाय, त्यावर मी काय बांधू?" असं म्हणाल्या.

आम्ही समजत होतो की परदेशी माणसं घरात बूट घालून फिरतात. ही बाई दाराशी चपला काढल्याशिवाय कोणाला आत घेत नसे. कारखान्याचे बडे साहेब एकदा पावेलला भेटायला आले, तर मार्ताबाईंनी त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं, "हितंच काढ," म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे कापडी सपाता ठेवल्या. साहेबांना अरे-तुरे त्यांच्या आईनंतर कोणी केलं नसेल. पण त्यांनी मुकाट्याने बूट काढले. त्या दिवशी लिमयेकाकूंनी मार्ताबाईंना आपलं म्हटलं. तोपर्यंत त्या गेस्ट हाऊसमध्ये पाणीही पीत नव्हत्या, त्यानंतर चहासुद्धा घेऊ लागल्या.

त्यांचं आणखी एक होतं. काही बिघडलं, दूध नासलं, नळाला पाणी आलं नाही, हानाचा ताप उतरेना, की त्या कमरेला फडकं खोचत म्हणायच्या, "आधी काम, मग रडू." हे जनाबाईचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. आणि काम संपेपर्यंत रडायचं राहूनच जायचं.

पहिल्यांदा त्यांना मनापासून हसताना पाहिलं ते बदलापूर गावातल्या बाजारात. जनाबाई आम्हा दोघींना घेऊन गेली होती. रस्त्याच्या कडेला डोंगरातल्या बायका पळसाच्या पानांवर अळंबी मांडून बसल्या होत्या. मार्ताबाई थबकल्या, खाली बसल्या, एक अळंबी उचलून तिचा देठ पाहिला, वास घेतला, आणि खळखळून हसल्या. त्यांच्या गावी म्हणे पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे टोपल्या घेऊन रानात अळंबी वेचायला जातात. त्यांची आई तर डोळे मिटून, नुसत्या वासावरून विषारी कोणती ते सांगते. त्यांनी सगळे वाटे घेतले. दुसऱ्या दिवशी गेस्ट हाऊसच्या गच्चीवर अळंबीच्या माळा वाळत पडल्या होत्या आणि लिमयेकाका खालून विचारत होते की हे कसलं तोरण.

आईचं नाव त्यांच्या तोंडी रोज असायचं. आई डोंगरातल्या एका खेड्यात होती, वडील गेलेले. धाकटा भाऊ तिच्याजवळ राहणार म्हणून तर मार्ताबाई इतक्या लांब यायला तयार झाल्या होत्या. दिवाळीनंतर घरून कळलं की त्या भावाची बदली झाली, देशाच्या दुसऱ्या टोकाला. आई घर आणि कोंबड्या सोडून कुठे जायला तयार नव्हती. गुडघे धरलेले, हिवाळ्यात दारापुढचा बर्फ काढायलाही कोणी नाही.

तेव्हापासून त्या बदलल्या. चालणं तेच, कामं तीच, पण खिडकीतली हाक बंद झाली. एक दिवस मी घावन घेऊन गेले तर हातातलं भांडं पुसत म्हणाल्या, "वैनी, नाताळ झाला की मी जाणार. हानाला घेऊन. आईकडं."

"आणि पावेल?"

"पावेल हितंच. दोन वर्ष."

"मग तुम्ही उन्हाळ्यात परत या ना."

त्यांनी मान हलवली. एकदा परत गेलं की पुन्हा यायची परवानगी त्यांचं सरकार देत नसे, आणि पावेल काम सोडून गेला तर तिकडे त्याची नोकरी राहिली नसती. म्हणजे एक तर आई एकटी, नाही तर नवरा एकटा. "ठरलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "रोज ठरवते, रोज मोडते."

मी हे लिमयेकाकूंना सांगितलं, म्हणजे कॉलनीला सांगितलं. काकूंनी आपल्या परीने निदान केलं. "बाईचं मन लागत नाहीये, दुसरं काही नाही. पहिला सण परक्या ठिकाणी जड जातोच. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी अशीच रडण्यात गेली. सण जर व्यवस्थित झाला तर राहील ती." आणि मग मार्ताबाईंचा नाताळ व्यवस्थित करायचा, हे कॉलनीचं काम झालं. नाताळाबद्दल आमच्यापैकी कोणालाही काडीची माहिती नव्हती. पण चौकशी करायला आम्ही कधी लाजलो नाही.

त्यांचा सण चोवीस तारखेच्या संध्याकाळी. दिवसभर काही खायचं नाही, आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. हे ऐकून लिमयेकाकूंचा चेहरा फुलला. त्या आयुष्यभर संकष्टी करत आलेल्या. "म्हणजे चंद्राऐवजी चांदणी, एवढाच फरक. बाकी आपलंच की!" हानाला वेगळीच चिंता होती. त्यांच्याकडे भेटी बाळ येशू आणतो. तो दरवर्षी आजीच्या घरी यायचा. त्याला अंबरनाथ कसं सापडणार? हे तिने काकूंना विचारलं. काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "बाळ आहे ना ते? मग त्याची आई आणेल त्याला बरोबर. बायकांना पत्ते सापडतात." हानाचं समाधान झालं.

सजावटीचं सामान घ्यायला मी मार्ताबाईंना उल्हासनगरला घेऊन गेले. कॅम्पातल्या एका दुकानात चमकीच्या झुरमुळ्या, मेणबत्त्या, रंगीत कागद, सगळं मिळायचं. गल्ल्यावर फाळणीत तिकडून आलेले एक म्हातारे सिंधी गृहस्थ बसायचे. मार्ताबाईंनी मेणबत्त्यांच्या पुड्यावर हात ठेवून खास खरवईच्या ठसक्यात भाव विचारला, तसा म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला.

"भाभीजी, ये मेमसाब किधर की है? मराठी तो मेरे से अच्छी बोलती है."

मी सांगितलं. नाताळ आहे, घरापासून लांबचा पहिलाच. म्हाताऱ्याने पोऱ्याला स्टूल आणायला सांगितलं, मार्ताबाईंना बसवलं. म्हणाला, "पहली दिवाली हमने इधर बैरक में की थी. एक कमरे में तीन घर, बीच में बोरी का परदा. दिया जलाने को तेल नहीं था. मेरी बीवी बोली, चलो आज ऐसे ही बैठते हैं." मग हसला. "अब देखो, पूरा कॅम्प मेरे से लाइटिंग ले जाता है." मी त्याचं बोलणं मार्ताबाईंना मराठीत सांगत होते. त्यांना ते बरंचसं आधीच कळलं होतं असं वाटलं. त्यांनी विचारलं, "तुझी आई?"

"माँ उधर रह गई. बोली, तुम लोग जाओ, मैं घर देखती हूँ. हमने सोचा दो महीने की बात है." तो मेणबत्त्या कागदात गुंडाळत होता. "फिर जाना हुआ ही नहीं."

परतताना मार्ताबाईंनी मेणबत्त्यांचा पुडा छातीशी धरून ठेवला होता. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता. आम्ही इकडे बाईला थांबवायला जिवाचं रान करतोय आणि हा गल्ल्यावर बसून नको त्या वेळी नको ते बोलतो. हेही मी घरी आल्यावर यांना ऐकवलं. हे म्हणाले, "त्याला काय ठाऊक?" ते खरंच होतं.

नाताळाच्या जेवणाला मासा लागतो, आणि तोही आधी दोन-तीन दिवस बाथटबमध्ये जिवंत ठेवायचा असतो, हे कळलं तेव्हा पंचाईत झाली. गेस्ट हाऊसचा बाथटब हा कॉलनीतला एकमेव बाथटब. आंघोळीसाठी कोणी तो कधी वापरल्याचं ऐकिवात नव्हतं. पाण्याची बोंब, म्हणून चौकीदार त्यात पाणी साठवून ठेवायचा. मार्ताबाईंच्या गावी मात्र प्रत्येक घरच्या टबात त्या दिवसांत मासा असतो आणि माणसं बिनआंघोळीची राहतात. जनाबाई म्हणाली, "त्यात काय बाय? माजा भाऊ नदीवरून आनील. जित्तं म्हावरं आनील." आणि बदलापूरच्या नदीतला हातभर लांब रोहू पाण्याच्या पिंपात घालून, टेम्पोत बसून तिचा भाऊ खरंच आला. आम्ही कायस्थ, मासे खाण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पण गोड्या पाण्याच्या माशाला आमच्याकडे मासा म्हणत नाहीत. मी म्हटलं, पापलेट आणून देते, चिखलाचा वास तरी येणार नाही. मार्ताबाईंनी ऐकलं नाही. टबात तो मासा फिरायला लागला तेव्हा त्यांनी गुडघ्यावर बसून त्याच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी पापलेटचं नाव काढलं नाही.

लिमयेकाकूंना वाटलं, मासा पाळलाय. रोज संध्याकाळी त्या कणकेच्या गोळ्या करून नेत आणि हाना त्या टबात टाकी. चोवीस तारखेला सकाळी मार्ताबाईंनी बाही वर केली, मासा बाहेर काढला आणि लाटण्याच्या एका फटक्यात त्याचा कारभार आटोपला. काकूंनी घरी जाऊन खिडक्या लावून घेतल्या. हाना मात्र शेजारी उभी राहून खवले वेचत होती. "मासा गेला गं!" असं मी म्हटलं तर म्हणाली, "हो. आता ताटात येईल."

त्याच सकाळी मार्ताबाई माझ्याकडे आल्या. माझे हे दुसऱ्या पाळीला जाणार होते. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "वैनी, आज माझ्याकडं जेव. चौथं माणूस पाहिजे."

मला वाटलं आग्रह आहे. आग्रह नव्हता. त्यांच्याकडे त्या रात्री टेबलाभोवती माणसं जोडीत असावी लागतात. दोन, चार, सहा. विषम झाली तर त्यातलं एक माणूस पुढच्या नाताळापर्यंत राहत नाही. आणखी म्हणजे, सगळ्यांचं जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. जो मध्येच उठेल त्याचंही तेच. घरी आई असायची म्हणून चार व्हायचे. इथे ते तिघे. त्यांचं सरकार देव मानत नव्हतं, पावेलही मानत नव्हता, पण हे मार्ताबाई मानत होत्या. तीन माणसांचं आम्हालाही वावडंच, त्यामुळे मला त्यात वेडगळ असं काही वाटलं नाही. मी गेले.

गेस्ट हाऊसच्या दिवाणखान्यात सुरूच्या झाडाची एक फांदी कुंडीत उभी केली होती, तिला उल्हासनगरच्या झुरमुळ्या. पांढरी चादर अंथरलेलं टेबल. उठायला लागू नये म्हणून सगळी भांडी, पाणी, पावाची टोपली, सगळं आधीच हाताशी मांडलेलं. हानाने गॅलरीतून चांदणी दिसल्याचं ओरडून सांगितलं आणि आम्ही बसलो. सूप झालं. तळलेला रोहू ताटात पडला. आणि दारावरची बेल वाजली.

कोणी हललं नाही. बेल पुन्हा वाजली. हाना सवयीने उठायला गेली, तशी मार्ताबाईंनी तिचा दंड असा धरला की पोरगी घाबरली. पावेल हसत होता, पण उठला तोही नाही. बाहेरून लिमयेकाकूंचा आवाज, "मार्ताबाई! अहो, चांदणी निघाली. उपासाची खिचडी आणलीय, साबुदाण्याची. उघडा!"

मी बसल्या जागेवरून ओरडले, "काकू, कडी नाहीये, ढकला!"

काकू आत आल्या. हातात पातेलं, वर झाकण, झाकणावर शेंगदाण्याचे लाडू. टेबलावरचा मासा पाहून त्यांनी नाकाला पदर लावला आणि मागे वळल्या. मार्ताबाई किंचाळल्याच, "जाऊ नको! बस!" आत आलेलं माणूस जेवणाच्या वेळी परत पाठवायचं नसतं, हे त्यांच्याकडेही आहे. काकूंनाही ते नाकारता येईना. त्या टेबलाच्या पार टोकाला खुर्चीच्या कडेवर टेकल्या. आणि मग मार्ताबाईंनी मोजलं. पाच.

"पाच," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"पाच चांगलेच," काकू म्हणाल्या. "पाच सवाष्णी, पाच फळं. शुभ असतं." मी त्यांना दोन वाक्यांत सगळं समजावलं. काकूंनी पदर नाकावरून काढला. आपल्या येण्याने कोणाच्या तरी जिवावर बेतणार हे ऐकल्यावर त्यांना मासा दिसेनासा झाला. उठायचं तर नाही. त्यांनी खुर्चीतूनच खिडकीकडे तोंड केलं आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा आवाज काढला, "अहो! ऐकलंत का? इकडे या! आहात तसे या!"

लिमयेकाका आहेत तसे आले. पंचा आणि बनियन. त्यांना बसवलं. सहा. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, काकूंनी स्वतःच्या आणि काकांच्या ताटलीत खिचडी वाढली, मार्ताबाईंनीही मागून घेतली. रोहूला, कबूल करते, चिखलाचा वास नव्हता. हाना काकांना आपल्या भाषेतलं गाणं म्हणून दाखवत होती. मार्ताबाई कित्येक दिवसांनी मोठ्याने हसत होत्या, काकू माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होत्या, राहतेय, बघ, राहतेय.

तेवढ्यात आमचे हे. मशीन बंद पडलं म्हणून पाळी लवकर सुटली होती, घराला कुलूप, म्हणून आवाज ऐकून इकडे आले. "अरे वा, सगळे इथेच?" म्हणत खुर्ची ओढून बसलेसुद्धा. सात.

यांना काही सांगायच्या आत मार्ताबाईंनी मागे हात लांबवून, न उठता, कपाटावरचा एक फोटो काढला. डोक्याला रुमाल बांधलेली, डोळे बारीक करून उन्हात बघणारी एक म्हातारी. त्यांनी आठवी ताटली पुढे ओढली आणि फोटो तिच्यावर उभा केला.

"अहो, नका!" काकू ओरडल्या. "जिवंत माणसाचा फोटो असा पानावर मांडत नाहीत!"

मार्ताबाईंना ते कळलं नसावं. त्या फोटोकडे बघत होत्या. "तिकडं आई बसलीय," त्या म्हणाल्या. "एक ताट. एक माणूस."

मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. काम अर्धं टाकून, मासा ताटात तसाच, सगळ्यांसमोर. पावेलने आपला मोठा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. उठून जवळ जावं तर उठायचं नव्हतं. शेवटी लिमयेकाकूंनी खुर्ची बसल्या बसल्या सरकवत सरकवत पुढे आणली, फोटो ताटलीवरून उचलला, पदराने पुसला आणि हानाच्या मांडीवर दिला. "आजीला मांडीवर घे. ताटावर नको, मांडीवर. असं धर. झाले की नाही आठ?"

हानाने आजीला मांडीवर धरूनच जेवण संपवलं. मार्ताबाई म्हणाल्या तेव्हाच आम्ही सगळे एकदम उठलो.

त्यानंतर कॉलनीला वाटलं आपण जिंकलो. मार्ताबाईंची हाक पुन्हा सुरू झाली. त्यांनी काकूंकडून खिचडी शिकून घेतली, साबुदाणा किती भिजवायचा ते पावेललाच समोर बसवून शिकवायला लावलं. आमच्या यांना कॅरम येतो म्हणून पावेलला रोज संध्याकाळी आमच्याकडे पाठवायला लागल्या. आम्हाला वाटलं, रुळतायत. संक्रांतीला त्या तिळगूळ घ्यायला आल्या तेव्हा मी हलव्याची वाटी पुढे केली, आणि त्या म्हणाल्या, "वैनी, तिकीट आलं. मी आणि हाना."

मी रागावले. मला राग आला की मी बोलून जाते. "एवढं सगळं केलं आम्ही," मी म्हटलं, "काय कमी पडलं? काय चुकलं आमचं?"

"काय नाय चुकलं." त्या खाली बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेव्हा जाता येत नव्हतं, वैनी. आईकडं जाऊ तर पावेल एकटा. परक्या देशात, कोणी नाही. रोज तेच डोक्यात. आता पावेल एकटा नाही. काकू हायत, तू हायस, तुझे साहेब हायत. बेल वाजली तर दार ढकलून येता तुम्ही. आईकडं कोण येतं?"

"म्हणजे आम्हीच तुला घालवली," मी म्हटलं. अहो-जाहो कधी सुटलं ते मला कळलंही नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या.

लिमयेकाकूंना हे सांगायची माझी हिंमत होईना. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." त्या दिवशी त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

पावेल पुढे कराराप्रमाणे राहिला. पुढचा नाताळ त्याने काकूंच्या घरी केला. लसूण-कांदा नाही, मासा तर नाहीच, आणि टेबलाऐवजी जमिनीवर पाट. सहा माणसं भरावी म्हणून काकू आठवडाभर आधी आमंत्रणं करत होत्या. कारखान्यातून बातमी यायची की तिकडे आई बरी आहे, हाना शाळेत जाते. मग पावेल गेला, पुढे त्या देशात सगळंच बदललं, कारखान्याचा करारही संपला, आणि आम्हाला काही कळेनासं झालं.

त्या गेल्या ती सकाळ मात्र मला अगदी स्वच्छ दिसते. गेटपाशी टॅक्सी उभी. नवं मशीन चालू करून बघायचं होतं म्हणून पावेलला विमानतळावर जाता येणार नव्हतं. तो बॅगा ठेवून बाजूला उभा राहिला, पेन्सिल हातात तशीच. हाना जनाबाईच्या गळ्यात पडून मराठीत रडत होती. काकूंनी मायलेकींच्या हातावर दही घातलं. मार्ताबाईंनी पावेलला आधीच घरात भेटून घेतलं असावं. गाडीत बसल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी काच खाली केली आणि आमच्याकडे पाहिलं. आधी काकूंकडे, मग काकांकडे, मग आमच्या यांच्याकडे, मग माझ्याकडे. लहान मूल शेजारी ठेवून बाहेर पडणारी बाई शेजारणीकडे बघते ना, तसं. मी मान हलवली. मग त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला."